आधी शून्य तपासावं

१४ सप्टेंबर

प्रिय छोटीस,

खुशाली शेवटी लिहितो, आधी काम. मला तुझ्याकडून एक दाखला हवा आहे.

भिंगरीच्या शाळेत यंदा खेळाच्या नव्या बाई आल्या आहेत. वय तुझ्याहूनही कमी, गळ्यात शिट्टी. त्यांचं मला पत्र आलं. मुलीच्या हृदयाचं छिद्र बुजवून दोन वर्षं झाली, डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली आहे, तरी आपण तिच्यासाठी खेळाच्या तासातून सूट मागता, ती का? पुढे लिहिलं आहे की नऊ वर्षांच्या मुलांना रोज भरपूर हालचाल लागते, ती आपल्या मुलीला कुठे मिळते ते कळवावं. मी कळवलं की घरी मिळते. त्यावर त्यांनी विचारलं, किती.

प्रश्न रास्त आहे. मी वजनमापे निरीक्षक आहे. एखादा दुकानदार मला 'पुरेसं' म्हणाला तर मी त्याचा काटा उघडून बघतो. तेव्हा मला चिडता येईना.

सध्या खेळाच्या तासाला भिंगरी लायब्ररीत बसते. तिला वाचनाची गोडी लागली, हा फायदाच झाला. संध्याकाळी मी तिला आमच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात चालवतो. जमीन सपाट आहे, कुठे अडखळायला जागा नाही. तुझी वहिनी म्हणते, कैद्यांनासुद्धा मोकळ्या हवेत सोडतात. तिचं बोलणं तुला माहीत आहे.

तू विद्यापीठात मुलांची हालचालच मोजतेस. तर हिची मोज, कागदावर लिही, सही कर. बाईंचं समाधान होईल आणि सूट चालू राहील.

आम्ही सगळे बरे आहोत.

तुझा
दादा


२० सप्टेंबर

दादा,

पत्र उघडल्यावर आधी वाटलं, तुझ्या खात्याची नोटीस चुकून माझ्याकडे आली.

नात्यातल्या मुलांचे दाखले मी देत नाही. पण आमच्याकडे नवे पट्टे आले आहेत, ते शाळांमध्ये वाटायच्या आधी कुठल्यातरी घरात आठवडाभर वापरून बघायचे आहेत. तुझं घर चालेल. दोन पाठवते, एक बिघडला तर दुसरा हाताशी असावा म्हणून.

पट्टा कमरेला बांधायचा, डबी उजव्या बाजूला यायला हवी. झोपताना आणि आंघोळीला काढायचा. अंग किती जोरात हललं आणि कुठे कललं, एवढंच त्या डबीला कळतं. मूल हसत होतं की रडत होतं हे कळत नाही. सायकलही तिला नीट कळत नाही, सायकलवरचं मूल तिच्या लेखी जवळजवळ बसलेलंच असतं. प्रत्येक मापाची एक खोड असते, हे तुला मी काय सांगायचं.

तू म्हणशील, पट्टा कशाला, मी वहीत लिहून ठेवतो. नको. आईबापांच्या वहीत मुलं दिवसभर पळत असतात. आपला तो बाब्या.

आता अट. आमच्या शास्त्रात या वयाला रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी. तेवढी भरली तर नियम मोडून मी सही करते, सूट तुझी. कमी भरली तर भिंगरी मैदानावर जाईल आणि तू बाईंना तसं लिहून देशील. येईल तो आकडा दोघांनी मानायचा.

तू घाबरतोस हे मला माहीत आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पण तू दोन वर्षं नुसता फुंकतच बसला आहेस, पोरीला घोटभर पिऊ दे की.

छोटी


३ ऑक्टोबर

प्रिय छोटीस,

अट मान्य होती आणि आहे. आठवडा पूर्ण झाला, पट्टे परत पाठवत आहे.

दुसरा पट्टा नुसता खुंटीला टांगून ठेवणं मला पटलं नाही. एका काट्याच्या साक्षीवर मी कधी निकाल देत नाही. म्हणून तो मी बांधला. तिच्या पट्ट्याला निळा धागा आहे, माझ्या पट्ट्याला लाल. संध्याकाळी व्हरांड्यात दोघं बरोबरच चालत होतो, तेव्हा निदान तेवढ्या वेळाचं माप जुळायला हवं. कचेरीत लोकांनी विचारलं, साहेब, कमरेला काय? सरकारी काम आहे असं सांगितलं.

भिंगरीने फार सहकार्य केलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "जास्त आलं तर काय?" म्हटलं, सूट. "आणि कमी आलं तर?" म्हटलं, मैदान. मी मुलांशी खोटं बोलत नाही. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "आत्या आकडे बदलते का?" म्हटलं, तुझी आत्या मेली तरी आकडा बदलणार नाही. त्यावर बरं म्हणाली आणि अभ्यासाला बसली. मुलगी समंजस आहे.

तुझी वहिनी या आठवड्यात फारशी बोलली नाही. तिला बरं नाही का विचारलं, तर म्हणाली, मला काय धाड भरली आहे.

पट्टे पुसून खोक्यात भरायचं काम भिंगरीने आपणहून अंगावर घेतलं. धागे सैल झाले होते, तेही तिने नव्याने घट्ट बांधले आहेत.

तुझा
दादा


१५ ऑक्टोबर

दादा,

पट्टे वाचून झाले. एक गोष्ट चांगली आहे, संध्याकाळच्या व्हरांड्यातल्या फेऱ्या दोन्ही पट्ट्यांत एकाच वेळी दिसतात. फक्त निळा लांब ढांगा टाकत चालतो आणि लाल तुरुतुरु.

बाकी असं आहे.

निळा धागा, म्हणजे भिंगरी. सकाळी काही वेळ बारीक हादरे बसतात, स्कूटरवर बसलं की बसतात तसे. त्यानंतर खुर्ची. मधे दोनदा उठून थोडं चालणं, चहाला जाऊन यावं इतपत. मग पुन्हा खुर्ची, पुन्हा स्कूटर. दम लागावा असं सबंध आठवड्यात काही नाही.

लाल धागा, म्हणजे तू. तू जिना उड्या मारत उतरतोस. मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या सुमारास तू वारा प्यायल्यासारखा धावतोस, थांबतोस, गर्रकन वळतोस आणि पुन्हा धावतोस. दुपारनंतर काही वेळ तू डोकं खाली आणि पाय वर असा असतोस. हे रोज आहे.

पट्टा सांगतो तेवढंच मी लिहिते. सही अजून केलेली नाही. आधी मला सांग, यात तुला तुझा आठवडा ओळखू येतो का?

छोटी


१५ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझे बाबा रोज दुपारी उलटे लटकतात असं पट्ट्याचं म्हणणं आहे. तुला याबद्दल काही माहीत आहे का? उत्तर लिहून आईजवळ दे, ती टपालात टाकेल.

आत्या


२१ ऑक्टोबर

प्रिय छोटीस,

अहवाल मिळाला. खुलासा पुढीलप्रमाणे.

मी कचेरीत धावलो नाही. आमच्या कचेरीत धावण्यासारखं काही घडत नाही. जिना मी कठडा धरून उतरतो. डोकं खाली पाय वर हा आरोप मी साफ नाकारतो. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर असा शेरा आलेला नाही.

भिंगरीचंही तेच. ती आईबरोबर शाळेत चालत जाते, मग स्कूटर कुठून आली? आणि नऊ वर्षांच्या मुलीला चहाला कोण सोडतं?

उघड आहे की दोन्ही डब्या सदोष आहेत. धाग्यांची चूक असणं शक्य नाही, ते भिंगरीने स्वतः बांधले आहेत. सदोष मापावर निकाल देता येत नाही, माझ्या खात्यात असा काटा जप्त होतो. तेव्हा अट तूर्त स्थगित समजावी. सूट चालू राहील.

आता तू लिहिलंस त्याबद्दल. मी घाबरतो. त्यात लपवण्यासारखं काय आहे? ऑपरेशनच्या दिवशी तिला आत नेताना नर्सने तिच्या केसांतल्या पिना काढून माझ्या हातात ठेवल्या आणि दार लागलं. लोक बसा म्हणत होते, मी बसलो नाही. तिला बाहेर आणलं तेव्हा माझी मूठ उघडेना, तुझ्या वहिनीने एकेक बोट सोडवलं. तेव्हापासून ती माझ्या हाताच्या अंतराबाहेर गेली की ती मूठ पुन्हा मिटते. हे मोजणारी डबी तुमच्याकडे असेल तर पाठव, ती मी बांधीन.

पडताळणी करायचीच तर खऱ्या प्रमाणाशी कर. आमच्याकडे कुलपातल्या पेटीत प्रमाण वजनं असतात, गावातला प्रत्येक काटा शेवटी त्यांच्याशी लावून बघतात. तुमच्याकडे कुलपात काय आहे ते कळव.

तुझा
दादा


२२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

धागे मी बदलले. खोक्यात भरताना. बाबा तेव्हा तुला पत्र लिहीत होते.

उलटी मीच लटकते. शाळेच्या मागे लोखंडी दांडी आहे, तिथे सगळ्या लटकतात. सगळ्यात जास्त वेळ मी लटकते, पण ते कोणी मोजत नाही.

खेळाच्या तासाला मी लायब्ररीत नसते. आधी असायचे. तिथली चित्रांची पुस्तकं संपली. मग मी खिडकीतून खाली बघत बसायचे, तर एकदा नव्या बाईंनी मला खाली बोलावलं. मी म्हटलं बाबा नको म्हणतात. मग बाई आईशी बोलल्या. आईने त्यांना डॉक्टरांचा कागद दाखवला आणि सही करून दिली. आई म्हणते बाबांना सांगायचंच आहे, पण आज नको. रोज आजच असतो.

मला चोरून खेळायला आवडत नाही. पळताना सारखं फाटकाकडे बघावं लागतं, मग आऊट होते. आणि शर्यतीत नाव देता येत नाही, कारण त्याची चिठ्ठी घरी येते आणि बाबांची सही लागते.

खरे धागे ठेवले असते तर जास्त आलं असतं. मग तू सही केली असतीस आणि बाबांनी मला लायब्ररीतच ठेवलं असतं. म्हणजे मी पळते म्हणून मला पळू दिलं नसतं. हे मी आईला समजावून सांगितलं. ती हसली आणि मग उगाचच भांडी घासायला लागली, ती घासलेलीच होती.

तू आकडे बदलत नाहीस, म्हणून मी धागे बदलले. म्हणजे तुला खोटं लिहावं लागलं नाही.

तू बाबांना सांगशील का?

भिंगरी


२९ ऑक्टोबर

दादा,

तुझं म्हणणं मान्य. संशयाच्या मापावर निकाल नाही. सही मी करत नाही, या बाजूची नाही आणि त्या बाजूचीही नाही.

तू प्रमाण विचारलंस. आमच्याकडे कुलपात काही नसतं. प्रत्येक पट्टा शेवटी डोळ्याशी लावून बघतात. एक माणूस कागद घेऊन बसतो, एकच मूल धरतो, आणि ठरावीक वेळाने लिहीत जातो: बसलं, उभं आहे, चालतं, पळतं. चांगलं वाईट काही लिहायचं नाही. फार कंटाळवाणं काम आहे, तुला जमेल. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आणि वजन टाकायच्या आधी शून्य तपासावं, हे तूच मला शिकवलंस. पारडी रिकामी असताना काटा मध्यावर हवा. आपलं शून्य म्हणजे लायब्ररी. खेळाच्या तासाला भिंगरी तिथे बसलेली असते, असं तू म्हणतोस. तर मंगळवारी अकराला तिथे जा आणि बसलेली मुलगी मोजून ये. तिथून पुढचं पुढे बघू.

तिला आधी सांगू नकोस. कोणी बघतंय हे कळलं की मूल बदलतं. आणि एक नियम पाळ. काहीही दिसलं तरी निरीक्षक हाक मारत नाही आणि मधे पडत नाही.

हे पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. मला काही कळलं आहे. ते मी सरळ लिहिलं असतं तर तू वाचून पहिल्यांदा बंदोबस्त केला असतास, आणि बघायचं राहून गेलं असतं. म्हणून लिहीत नाही. माझा राग आला तर ये, समोर भांडू. जाताना पाणी पिऊन जा.

छोटी


६ नोव्हेंबर

प्रिय छोटीस,

पडताळणी झाली. अहवाल असा.

मंगळवारी वेळेआधी शाळेत पोचलो. शिपायाला ओळखपत्र दाखवलं. त्याला वाटलं मी कँटीनचा काटा तपासायला आलो, मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. लायब्ररी वरच्या मजल्यावर आहे. आत कोणी नव्हतं. वाचायच्या टेबलावर धूळ होती, म्हणजे बरेच दिवस कोणी नव्हतं. मी खिडकीजवळच्या खुर्चीवर बसलो. तिथून सगळं मैदान दिसतं.

तास सुरू झाला. सगळी मुलं एकसारख्या कपड्यांत. कडेच्या कट्ट्यावर एक मुलगी एकटीच बसली होती, दोन वेण्या, अंग आवरून, मान खाली. मी समजलो, हिला मोकळ्या हवेसाठी खाली आणून बसवलं असेल. बाईंबद्दल मत जरा बरं झालं. कागद काढला आणि नोंदी सुरू केल्या. बसली आहे. बसली आहे. बसली आहे. मधे तिने बुटाची नाडी बांधली, तीही बसूनच. म्हटलं, शून्य अगदी बरोबर आहे, पट्टेच नादुरुस्त.

मग तिने तोंड वर केलं. ती दुसऱ्या कोणाची तरी मुलगी होती. तिच्या घोट्याला पट्टी बांधलेली होती.

छोटी, एवढा वेळ मी परक्या मुलीला आपली म्हणून बघत होतो. कारण मी बसलेली मुलगी शोधत होतो. पळणाऱ्यांकडे मी पाहिलंच नव्हतं. त्यांच्यात आपलं कोणी असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

शेवटी तिला आवाजावरून ओळखलं. "खोटं बोलू नकोस, मी शिवले होते," असं कोणाला तरी ओरडून सांगत होती. घरी ती इतक्या मोठ्याने बोलत नाही. मग दिसली. एक वेणी सुटलेली, एक मोजा खाली आलेला. शिवाशिवी चालली होती. ती इतरांपेक्षा फार जोरात पळते असं नाही, पण वळताना तिला जागा लागत नाही, समोरचा हात पुढे करतो तोवर ती दुसरीकडे गेलेली असते. माझ्या मुलीला हे येतं हे मला माहीत नव्हतं. मी लिहिलं, पळते.

मग ती पडली. मी उठलो, खुर्ची मागे आपटली. जिन्यात पोचलो तेव्हा तुझा नियम आठवला. कठडा धरून तिथेच उभा राहिलो. परत खिडकीशी आलो तर ती पुन्हा पळत होती, गुडघ्याकडे न बघता. थोड्या वेळाने ती आपली आपण थांबली, वाकली, हात गुडघ्यांवर टेकले. बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं. दम खाऊन झाल्यावर ती सरळ झाली आणि निघाली. कुठे थांबायचं ते तिचं तिला कळतं. दोन वर्षं ते मी ठरवत होतो.

यापुढे कागदावर नोंदी नाहीत. मला रडू आलं आणि अक्षर दिसेना.

लाल धागा कोणाचा हे वेगळं सांगायला नको. तिला रागावलो नाही. आजवर माझ्या नाकाखाली कोणी सील बदललेलं नव्हतं, पोरीने ते नवव्या वर्षी करून दाखवलं. तुझ्या वहिनीला विचारलं, तर म्हणाली, आज सांगणारच होते. तुमच्या तिघींच्या कटाबद्दल मी वेगळं पत्र लिहीन, त्याला अजून थोडा वेळ लागेल, सध्या राग जमत नाही. सूट रद्द करून घेतली आहे. शर्यतीच्या चिठ्ठीवर सही केली. दाखला नको.

एक गोष्ट अहवालात यायची राहिली, ती लपवणं बरोबर नाही. तुझा नियम मी शेवटी मोडला. तास संपत आला तेव्हा खाली गेलो आणि मैदानाच्या कडेला उभा राहिलो. हाक मारली नाही. तिला नुसतं जवळून बघावं असं वाटलं.

तिने मला पाहिलं आणि होती तिथे थांबली. बाकीची मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी पळत होती. तिने हात अंगाशी घेतले आणि चेहरा असा केला की जणू ती मघापासून उभीच आहे. एका मुलाने येऊन तिला शिवलं, तरी ती हलली नाही. पळ म्हणावंसं वाटलं, पण हाक मारायची नव्हती. म्हणून हाताने खूण केली. तिला ती घरी चल अशी वाटली असावी. ती माझ्याकडे चालत यायला लागली, सावकाश, व्हरांड्यात माझ्याबरोबर चालते तशी. मी मान हलवली. तिच्या मागे, पोरांकडे बोट दाखवलं. ती पुन्हा थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

त्यानंतर ती पळाली. पळायला लागेपर्यंत किती वेळ गेला ते मी मोजलेलं नाही. फार गेला.

तुझा
दादा